हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती : मायक्रोस्कोपखाली काय दिसतं?

अबोली

हृदयविकारावर इथे बरंच लिहून झालं आहे. कोलेस्टेरॉल, स्टेंट, बायपास, तेल कोणतं वापरावं, रोज चालावं किती. पण हे सगळं ज्या भिंतीत घडतं, ती भिंत जवळून कशी दिसते यावर एकही धागा सापडला नाही. मी पॅथॉलॉजीत काम करते, मुलांना स्लाइड शिकवते. भिंत एकदा नीट पाहिली की आजार निम्मा समजतो, असं माझं ठाम मत आहे. रक्तवाहिनीची भिंत तिच्यावर पडणाऱ्या दाबाप्रमाणे घडते, आणि दाब बदलला की भिंतही बदलते. मला सांगायचं आहे ते एवढंच, पण त्यात खूप काही आहे.

आधी हृदय. सर्वांत आत एंडोकार्डियमचं पातळ अस्तर, मध्ये मायोकार्डियम म्हणजे स्नायू, बाहेर एपिकार्डियम. या बाहेरच्या थरात चरबी असते आणि तिच्यातूनच कोरोनरी धमन्या धावतात. डाव्या निलयाची भिंत एक-दीड सेंटीमीटर जाड, उजव्याची तीन ते पाच मिलिमीटर, अलिंदांची त्याहून पातळ. डाव्या निलयाला रक्त अख्ख्या शरीरात ढकलायचं असतं, उजव्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत. म्हणजे दाबाचा हिशेब नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

आता स्नायूचा पाच मायक्रॉन जाडीचा काप घ्या, हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवा आणि भिंगाखाली ठेवा. गुलाबी पेशी दिसतात, साधारण 100 मायक्रॉन लांब, 10 ते 25 मायक्रॉन रुंद. त्यांना फांद्या असतात आणि त्या शेजारच्या पेशींना जाऊन मिळतात. केंद्रक मधोमध, बहुतेकदा एकच. आडवे पट्टे असतात, पण हातापायांच्या स्नायूंइतके ठळक नाहीत. पेशीच्या आकारमानाचा साधारण एक तृतीयांश भाग नुसता मायटोकाँड्रियांचा. ज्या स्नायूला जन्मभर सुट्टी नाही, त्याची पेशी अशीच असणार.

दोन पेशी जिथे भेटतात तिथे गडद, पायऱ्यापायऱ्यांची रेघ दिसते. ही इंटरकॅलेटेड डिस्क. साध्या मायक्रोस्कोपच्या जमान्यात अनेकांचा समज होता की हृदयाचा स्नायू म्हणजे पेशींमध्ये न विभागलेलं एकसंध जाळं आहे. 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं की ही रेघ म्हणजे दोन वेगळ्या पेशींची सीमा आहे. तिथे दोन कामं चालतात. डेस्मोसोम टिचबटणासारखे दोन पेशींना घट्ट धरून ठेवतात, म्हणजे प्रत्येक आकुंचनाला त्या एकमेकींपासून फाटत नाहीत. आणि गॅप जंक्शनच्या बारीक नळ्यांमधून विजेचा प्रवाह एका पेशीतून दुसरीत जातो. पेशी वेगवेगळ्या असूनही हृदय एकदिलाने धडधडतं ते या नळ्यांमुळे.

एंडोकार्डियमच्या लगेच खाली काही फिकट, जाडसर पेशी दिसतात. त्यांच्यात ग्लायकोजन भरपूर आणि आकुंचनाचे तंतू कमी. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी 1839 मध्ये मेंढीच्या हृदयात त्या पाहिल्या, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना कळलं नव्हतं. ते कळायला 1906 उजाडलं. जर्मनीत मारबुर्गला आशोफ यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे जपानी डॉक्टर सुनाओ तावारा यांनी एकामागून एक काप तपासत एव्ही नोडपासून (अलिंद आणि निलय यांच्या सीमेवरची पेशींची गाठ) हिसच्या जुडग्यातून (तिथून निघणारी तंतूंची तार) थेट या पुर्किन्ये तंतूंपर्यंतचा विजेचा सलग मार्ग शोधून काढला. आजचा ईसीजी समजतो तो त्या चिकाटीमुळे. माझ्या मते तावारांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं.

आता रक्तवाहिन्या. मोठ्या वाहिन्यांना तीन थर : आत इंटिमा, मध्ये मीडिया, बाहेर अॅडव्हेंटिशिया. महाधमनीचा काप लवचीक तंतूंसाठीच्या काळ्या रंगाने रंगवला, तर मीडियात एकाखाली एक नागमोडी काळ्या रेघा दिसतात. माणसाच्या छातीतल्या महाधमनीत असे पन्नासेक थर असतात. हृदयाच्या ठोक्याबरोबर ही भिंत फुगते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पुन्हा आकसून रक्त पुढे ढकलते. म्हणून केशवाहिन्यांपर्यंत रक्त धक्क्याधक्क्याने न जाता सलग पोचतं. या रेघांतलं लवचीक प्रथिन, इलॅस्टिन, गर्भावस्थेत आणि बालपणी तयार होतं, नंतर जवळजवळ नाहीच. मिळालेली ठेव आयुष्यभर पुरवायची. वय वाढतं तशा या रेघा तुटक होतात, त्यांच्या जागी कोलॅजन हे चिवट प्रथिन येतं, महाधमनी ताठर होते आणि वरचा बीपी वाढतो.

पुढे हातापायांकडे जाणाऱ्या धमन्यांत इलॅस्टिन कमी, स्मूथ मसल (आपोआप चालणारा, पट्टे नसलेला स्नायू) जास्त. आणखी पुढे आर्टेरिओल, तिला स्नायूचे एक ते तीन थर उरतात. बीपी ठरवण्यात सर्वांत मोठा वाटा या बारक्या वाहिन्यांचा आहे. मग केशवाहिनी : पाच ते दहा मायक्रॉनची नळी, भिंत म्हणजे एंडोथेलियमच्या, म्हणजे आतल्या अस्तराच्या, पेशींचा एकच पदर. तांबडी पेशी साडेसात मायक्रॉनची, त्यामुळे अनेक ठिकाणी ती मुडपूनच पुढे सरकते. हार्वे यांनी 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं तेव्हा धमनी आणि शीर यांना जोडणारा दुवा त्यांना दिसला नव्हता, तो तर्काने मानावा लागला. 1661 मध्ये इटलीत माल्पिगी यांनी बेडकाच्या फुप्फुसात तो प्रत्यक्ष पाहिला. हार्वे तोवर गेले होते.

प्रश्न असतील तर विचारा. आजारांबद्दल प्रतिसादांत लिहीन.

लोखंडीपूल

फार आवडलं. मी मेकॅनिकलवाला, त्यामुळे माझा प्रश्न भिंतीच्या ताकदीचा. एका पेशीच्या जाडीची केशवाहिनी फुटत कशी नाही? मग स्वतःच आकडे मांडले. लाप्लासच्या नियमाने भिंतीतला ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या. महाधमनीची त्रिज्या सव्वा सेंटीमीटर आणि सरासरी दाब 100 मिमी पारा धरला, तर ताण येतो मीटरला सुमारे 166 न्यूटन. केशवाहिनीत त्रिज्या 4 मायक्रॉन, दाब 30 मिमी, तर ताण 0.016 न्यूटन. म्हणजे दहा हजार पटींचा फरक! दाब तिसऱ्या हिश्शावर आला एवढंच, खरी कमाल त्रिज्येची आहे. आता तुमच्या पन्नास थरांनी 166 ला भागलं तर एका थरावर तीनेक न्यूटन येतात. याला काही अर्थ आहे का?

अबोली

लोखंडीपूल, फार मोठा अर्थ आहे. वोलिन्स्की आणि ग्लागोव्ह यांनी 1967 मध्ये हेच मोजलं. उंदरापासून डुकरिणीपर्यंत दहा जातींच्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या त्यांनी तपासल्या. उंदरात लवचीक थर पाचेक, डुकरिणीत सत्तरच्या आसपास. पण एका थरावर येणारा ताण सगळ्यांत जवळपास सारखा, मीटरला साधारण 1 ते 3 न्यूटन. प्राणी मोठा असेल तर थर जाड होत नाहीत, थरांची संख्या वाढते. तुम्ही कागदावर काढलेला आकडा त्याच पट्ट्याच्या वरच्या टोकाशी येतो.

याचाच आणखी एक पुरावा. जन्माआधी महाधमनी आणि फुप्फुसधमनी, दोन्हींची भिंत जवळपास सारखीच जाड असते, कारण दाब सारखाच असतो. बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, त्या बाजूचा दाब उतरतो आणि पुढच्या महिन्यांत फुप्फुसधमनीची भिंत पातळ होत जाते. हृदयातल्या मोठ्या छिद्रामुळे दाब उतरलाच नाही, तर ती जाडच राहते. अशा बाळांची शस्त्रक्रिया वेळेत का करायची, याचं एक कारण या स्लाइडमध्ये आहे : उशीर झाला तर फुप्फुसातल्या बारक्या धमन्यांत कायमचे बदल होतात.

चाफा_सातारा

अबोलीताई, बाबांची बायपास झाली. पायातली शीर काढून हृदयाला लावली आणि एक धमनी छातीतलीच वळवून जोडली. डॉक्टर म्हणाले छातीतली जास्त टिकते. शिरेचं काय होतं? बाबांना सारखी काळजी वाटते, म्हणून विचारते.

अबोली

चाफा, बाबांना आधी सांगा की दोन्ही नळ्या नीट विचार करूनच लावतात.

पायातली सॅफेनस शीर आयुष्यभर कमी दाबावर काम केलेली असते. तिची मीडिया पातळ, स्नायूचे पुंजके विखुरलेले, लवचीक थर तुटक. शिवाय आत झडपा असतात, म्हणून ती उलटी करून जोडतात, नाहीतर झडपा रक्त अडवतील. तिला अचानक धमनीचा दाब मिळतो, आणि मग वर लिहिलं तेच घडतं : ताण वाढला म्हणून भिंत स्वतःला बदलते. मीडियातल्या स्नायूपेशी इंटिमात शिरतात, तिथे वाढतात, कोलॅजन तयार करतात. काही महिन्यांत शीर जाड होते. थोडी जाडी तिला तगवते, पण प्रमाणाबाहेर गेली तर आतली वाट अरुंद होते, आणि पुढे काही वर्षांनी त्याच जाड भिंतीत चरबी साठू लागते.

छातीतली इंटर्नल मॅमरी धमनी मुळातच धमनीच्या दाबाला सरावलेली. तिच्या इंटिमाखालचा लवचीक पडदा जवळपास अखंड असतो, त्यात भोकं फार थोडी, त्यामुळे स्नायूपेशींना आत शिरायला वाट मिळत नाही. तिचं एंडोथेलियमही धमनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू भरपूर सोडतं. दहा वर्षांनी दहांतल्या नऊच्या आसपास मॅमरी ग्राफ्ट चालू असतात, शिरेचे साधारण निम्मे ते साठ टक्के. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि अॅस्पिरिन यांचा इथे खरा उपयोग आहे, तेव्हा बाबांच्या गोळ्या चुकवू नका. आणि तंबाखू असेल तर ती पूर्ण बंद.

चाफा_सातारा

खूप आभार ताई. बाबांना हे वाचून दाखवलं. मिश्री लावायचे, ती सोडली आहे. त्यांचा एक प्रश्न : पूर्वी छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचे, तिचाही संबंध तुम्ही म्हणता त्या नायट्रिक ऑक्साइडशी आहे का?

अबोली

थेट संबंध आहे. ती गोळी शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि त्याने भिंतीतला स्नायू सैलावतो. नायट्रोग्लिसरीन छातीतल्या कळेवर एकोणिसाव्या शतकापासून देत होते, पण ते काम कसं करतं हे कुणाला माहीत नव्हतं. 1980 मध्ये फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं की अॅसिटिलकोलीन या रसायनाने धमनी सैलावायची असेल, तर आतलं अस्तर शाबूत लागतं. अस्तर घासून काढलं तर धमनी सैलावत नाही. तोवर एंडोथेलियमला लोक नुसता आडपडदा समजत होते. त्या एकपदरी थरातून निघणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना त्यासाठीच मिळालं.

पशुसखा

गुरांचा डॉक्टर आहे, म्हणून एक भर घालतो. गाईबैलांच्या हृदयात चक्क हाड असतं. महाधमनी जिथून निघते तिथे झडपेच्या बुडाशी. शवविच्छेदनात सुरीला लागतं. विद्यार्थ्यांना दाखवलं की त्यांचा विश्वास बसत नाही. माणसात असं काही?

अबोली

माणसात हाड नाही, पण त्या जागी घट्ट कोलॅजनचा सांगाडा असतो, चार झडपांभोवतीच्या कड्यांचा. 2020 मध्ये काही चिंपांझींच्या हृदयातही असं हाड सापडलं, आणि ज्यांच्या हृदयाच्या स्नायूत व्रण झाले होते त्यांच्यात ते अधिक आढळलं.

या सांगाड्याला झडपांचे पडदे जोडलेले असतात हे झालंच, पण त्याचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अलिंदांचा स्नायू आणि निलयांचा स्नायू यांच्यामध्ये तो विजेला अडवतो. पलीकडे जायला एकच अधिकृत वाट, हिसचं जुडगं. त्याआधी एव्ही नोडमध्ये बारीक पेशी आणि मोजकी गॅप जंक्शन, त्यामुळे प्रवाह तिथे रेंगाळतो, सेकंदाचा साधारण दहावा भाग. तेवढ्या वेळात अलिंद रिकामे होऊन निलय भरतात. पुढे पुर्किन्ये तंतूंत तोच प्रवाह सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावतो. काही माणसांत या सांगाड्यातून स्नायूचा एखादा बारीक धागा जन्मतः पलीकडे गेलेला असतो. मग वीज आडवाटेने जाते आणि अचानक धडधड सुरू होते. तो वुल्फ-पार्किन्सन-व्हाइट सिंड्रोम, 1930 मध्ये वर्णन केलेला. आज कॅथेटरने तो धागा जाळून टाकता येतो.

जुई_एमबीबीएस

मॅडम, व्हायवामध्ये स्लाइड ओळखताना मी गोंधळते. आडव्या कापात हृदयाचा स्नायू आणि हातापायांचा स्नायू कसा ओळखायचा? आणि धमनी-शीर?

अबोली

जुई, आडव्या कापात केंद्रक कुठे आहे ते बघ. मधोमध असेल तर हृदय, काठाला ढकललेलं असेल तर हातापायांचा स्नायू. काही पेशींत केंद्रक दिसणारच नाही, कारण काप त्याच्या वरून किंवा खालून गेलेला असतो, त्याने घाबरू नकोस. उभ्या कापात डिस्क आणि फांद्या शोध. धमनीची पोकळी गोल आणि मीडिया जाड, शिरेची पोकळी चपटी, भिंत पातळ आणि अॅडव्हेंटिशियाच जास्त. शंका राहिली तर इंटिमाच्या लगेच खाली नागमोडी चकचकीत रेघ शोध, ती ठळक असेल तर धमनी.

रानजाई

धागा वाचता वाचता थांबले, कारण आमच्या घरात हा विषय जगून झालाय. माझ्या धाकट्या जावेला लग्नानंतर दोनेक वर्षांनी सतत थकवा, अंग मोडून येणं, बारीक ताप. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मग कपडे पिळताना डावा हात भरून यायला लागला. एका ठिकाणी नर्सला डाव्या हाताचा बीपीच सापडेना, तर मशीन खराब आहे म्हणून उजव्या हाताला लावलं. बऱ्याच काळाने एका तरुण डॉक्टरीणबाईंनी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि सांगितलं की डाव्या हाताला नाडी नाहीये. टाकायासू आर्टेरायटिस, म्हणजे मोठ्या धमन्यांच्या भिंतींचा दाह, निघाला. आता औषधांवर ठीक आहे, शाळेत शिकवते. पण नाडी जाते म्हणजे भिंतीत नेमकं होतं काय, हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही.

अबोली

रानजाई, वाचून वाईट वाटलं आणि आता ती बरी आहे हे वाचून बरंही. हा आजार मला जवळचा आहे, कारण त्याची सूक्ष्म रचना समजून घेण्याचं मोठं काम मुंबईत झालं आहे.

महाधमनीची भिंत इतकी जाड असते की आतल्या रक्तातून झिरपणारा प्राणवायू बाहेरच्या थरांपर्यंत पोचत नाही. त्यासाठी बाहेरून, अॅडव्हेंटिशियातून, बारीक वाहिन्या आत शिरतात. त्यांना व्हासा व्हासोरम म्हणतात. वोलिन्स्की-ग्लागोव्ह यांनाच आढळलं होतं की थर 29 च्या वर गेले की मीडियात या वाहिन्या दिसू लागतात. टाकायासूमध्ये दाह याच वाटेने येतो. सुरुवात अॅडव्हेंटिशियात आणि मीडियाच्या बाहेरच्या भागात होते. व्हासा व्हासोरमभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जमतात, कुठे कुठे अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी दिसतात. लवचीक रेघा मध्येच तुटतात, नाहीशा होतात. दाह निवळतो तसा कोलॅजनचा व्रण तयार होतो : अॅडव्हेंटिशिया जाड, मीडिया पोखरलेली, आणि आतून इंटिमा इतकी वाढते की फाट्याचं तोंड बंद होत येतं. हाताकडे जाणाऱ्या धमनीचं तोंड असं अरुंद झालं की नाडी जाते. रक्त आजूबाजूच्या लहान वाटांनी पोचतं, म्हणून हात जगतो, पण काम केलं की भरून येतो.

1908 मध्ये जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी 21 वर्षांच्या एका बाईच्या डोळ्याच्या पडद्यावर वाहिन्यांचं विचित्र कडं पाहिलं, तिथून हे नाव आलं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये पोटातल्या महाधमनीच्या अशा अरुंदपणावर लिहिलं, आणि 1973 मध्ये 101 रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ काढला. भारतात हा आजार पोटातल्या महाधमनीत आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांत बराच आढळतो, त्यामुळे तरुण मुलीत बीपी वाढलेला मिळणं हीच अनेकदा पहिली खूण असते. एका हाताला बीपी न लागणं हा मशीनचा दोष मानायच्या आधी दुसरा हात आणि दोन्ही मनगटं पाहायलाच हवीत. 1990 च्या अमेरिकन निकषांत दोन्ही हातांच्या बीपीत 10 मिमीहून जास्त फरक ही एक खूण धरली होती.

लोखंडीपूल

डॉ. सेन म्हणजे फेब्रुवारी 1968 मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण करणारे तेच ना? त्यांनी सापाच्या हृदयावरून काही प्रयोग केला होता असं ऐकलंय.

अबोली

तेच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निलयाचा स्नायू बराचसा जाळीदार असतो आणि पोकळीतलं रक्त थेट त्या जाळीत शिरून पेशींना मिळतं. माणसाच्या गर्भातलं हृदयही सुरुवातीला असंच जाळीदार असतं, कोरोनरी धमन्या नंतर येतात. डॉ. सेन, तेहेमटन उडवाडिया, परुळकर आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये मांडलं की कोरोनरी बंद झाली, तर स्नायूत सुयांनी वाटा पाडून निलयातलं रक्तच आत नेता येईल का पाहावं. त्या वाटा टिकत नाहीत, तिथे व्रण भरून येतो. पण स्लाइडवरच्या रचनेतून शस्त्रक्रियेची कल्पना काढणं ही दृष्टी मला विलक्षण वाटते. पुढे लेझरने अशाच वाटा पाडण्याचे प्रयत्न जगभर झाले.

माळरान

खेळाडू मैदानात अचानक कोसळतात त्याबद्दल लिहाल का? आणि अटॅकनंतर मेलेल्या पेशी पुन्हा येतात का?

अबोली

पहिल्याची कारणं अनेक, पण या धाग्याशी जोडलेलं एक सांगते. डेस्मोसोमच्या प्रथिनांत जन्मजात दोष असेल, तर ताणाखाली पेशी एकमेकींपासून सुटतात, मरतात, आणि उजव्या निलयात स्नायूच्या जागी चरबी आणि व्रण दिसतो. त्यातून ठोक्यांची जीवघेणी गडबड होते, आणि जोरदार व्यायाम हा आजार वाढवतो. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर 1986 मध्ये अशी कुटुंबं नोंदली गेली : लोकरीसारखे कुरळे केस, तळहात-तळपायांची जाड कातडी आणि सोबत हृदयविकार. कातडीच्या पेशीही डेस्मोसोमनेच जोडलेल्या असतात, म्हणून तिन्ही एकत्र.

दुसऱ्याचं उत्तर : फारच थोड्या. 2009 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्कात अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-14 वरून हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहूनही कमी. अटॅकमध्ये एका वेळी अब्जावधी जाऊ शकतात, तिथे हा वेग पुरत नाही. पहिल्या एक-तीन दिवसांत मेलेल्या भागात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भरतात, मग मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशी येऊन मोडतोड उचलतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास भिंत सर्वांत मऊ असते, ती फाटण्याचा धोका तेव्हाच. पुढे कोलॅजनचा व्रण पक्का व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. घरी आलेल्या माणसाला बरं वाटतंय म्हणून लगेच जड कामाला लावू नका, असं डॉक्टर सांगतात ते म्हणूनच. हलकं चालणं मात्र त्यांनी सांगितल्याप्रमाणे लवकर सुरू करायचं.

रानजाई

ताई, जावेला तुमचा प्रतिसाद पाठवला. तिच्या शाळेत मुलींची आरोग्य तपासणी आहे. बीपी दोन्ही हातांना घ्या, असं ती तिथल्या डॉक्टरांना सांगणार आहे. लहान मुलींना मोठ्यांचाच पट्टा लावला तर चालतो का?

अबोली

नाही चालत. मोठा पट्टा लावला तर बीपी खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. पट्ट्याच्या आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के आणि रुंदी 40 टक्के हवी. त्यांना दोन-तीन मापांचे पट्टे आणायला सांगा, आणि मनगटाच्या नाड्या दोन्हीकडच्या एकाच वेळी बघायला सांगा.